गेरूचा थर

दत्तराव मास्तरांच्या तोंडून 'मुतगय्यर' असा उर्दू शब्द निघाला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. ते फळ्याकडे वळले. मग त्यांनी खडूनं लिहिलं, 'रूपांतरित खडक'. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

ही त्यांची नेहमीची अडचण होती. जिंतूरच्या या शाळेत त्यांना सोळा वर्षं झाली होती. पहिली सात वर्षं त्यांनी उर्दूतच शिकवलं, कारण शाळाच उर्दू होती. त्याआधी हैदराबादच्या कॉलेजात ते जे शिकले तेही उर्दूतच. दगडांचं शास्त्र, तिथं त्याला अर्जियात म्हणत, हा त्यांच्या आवडीचा विषय. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं आणि शाळा मराठी झाली. घरात, रानात, भावाशी आणि बायकोशी ते जन्मभर मराठीच बोलत आले होते. पण दगडाबद्दल मराठीत कसं बोलायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक तास ते दोनदा शिकवायचे, एकदा मनातल्या मनात आणि एकदा तोंडानं. संध्याकाळी घरी परतताना त्यांचा जबडा दुखत असे. सत्तेचाळिसावं वर्ष होतं, पण चालताना साठीचे वाटायचे.

नव्या मराठी पुस्तकात या खडकांवर चार ओळी होत्या. मूळ खडकांवर उष्णता आणि दाब यांचा परिणाम होऊन ते बदलतात. उदाहरणार्थ पाटीचा दगड, संगमरवर. हे खडक आपल्या भागात आढळत नाहीत. बस. दत्तराव त्या ओळी वाचून दाखवत आणि पुढच्या धड्याकडे वळत. कॉलेजात असताना वरंगलच्या बाजूला चार दिवस पायी हिंडून त्यांनी हेच खडक हातोडीनं फोडून पाहिले होते. ते मुलांना सांगायचं म्हटलं की शब्द जुळवावे लागत, आणि तेवढी उमेद आता राहिली नव्हती.

तास संपल्यावर मोठे गुरुजी दिनकरराव यांनी त्यांना खोलीत बोलावलं. दिनकरराव वयानं लहान, स्वभावानं सरळ.

"बुधवारी तपासणीला साहेब येणार आहेत," ते म्हणाले. "आपण मुंबई राज्यात गेल्यापासूनची पहिलीच तपासणी. उर्दूतून आलेल्या शिक्षकांचा एकेक पाठ बघणार म्हणतात. तुमचा मी भूगोलाचा ठेवलाय. खडकांचे प्रकार."

"बरं."

"तयारी करा जरा. भाषा सांभाळा."

"आणि नाही सांभाळली तर?"

"तर प्राथमिकला पाठवतील. नोकरीला धक्का नाही." दिनकररावांनी आपल्या परीनं धीर दिला होता. दत्तरावांनी मान डोलावली.

घरी आले तर ओट्यावर चारठाण्याचा वाल्मीक बसलेला. गावाकडचाच माणूस, बाजाराला आला होता. बायकोनं, केवळाबाईनं, त्याला चहा दिला होता आणि ती दारात उभी होती.

"येडबादादांनी सांगावा धाडलाय," वाल्मीक म्हणाला. "हिरीत लाल लागलंय. दादा म्हनले, दत्ताला म्हणावं येऊन बघून जा."

दत्तराव पायातल्या वहाणा न काढता तसेच बसले. "मला बोलावलंय? दादानं?"

"हां. तुमालाच."

केवळाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिलाही नवल वाटलं होतं. येडबा हा दत्तरावांचा थोरला भाऊ, चार वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा येडबा चौदाचा होता. गावच्या गुरुजींनी धाकट्याला शाळेत ठेवायला सांगितलं म्हणून त्यानं एकट्यानं मेंढरं सांभाळली. येडबा कळपामागं चालत राहिला आणि दत्ता बाकावर बसून शिकला, आधी गावात, मग परभणीला, मग हैदराबादला. दोघांत यावर कधी बोलणं झालं नाही. पण इतक्या वर्षांत येडबानं शिकलेल्या भावाला कधी काही विचारलंही नव्हतं.

"बुधवारी साहेब यायलाय ना?" वाल्मीक गेल्यावर, तपासणीचं ऐकून केवळाबाई म्हणाली.

"उद्या रविवार आहे. जाऊन येतो."

"तुमाला बरं वाटत न्हाई चार दिस झाले."

"थकवा आहे नुसता," दत्तराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ते चारठाण्याला उतरले आणि जुन्या देवळांच्या बाजूनं वाट धरून भावाच्या रानात गेले. मार्च उतरणीला लागला होता. ज्वारी निघून गेलेली, रानं उघडी पडलेली. विहिरीभोवती काळ्या दगडांचे आणि मुरमाचे ढीग होते, आणि एका बाजूला नवा, लहानसा लाल ढीग.

म्हाळसाबाई, येडबाची बायको, डोक्यावरचं टोपलं त्या लाल ढिगावर पालथं करत होती. दीर दिसला तशी तिनं पदर सारखा केला.

"या भावजी. बरं झालं आलाव."

"कसं आहे वैनी?"

"कसं असंल. तीन उन्हाळे झाले माती उचलायलाय. मान आता वळंना." तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. "तुमीच सांगा आता काय ते."

येडबा दोराला धरून वर आला. वाळकेला, उंच, पाठीत वाकलेला. भावाला बघून तो हसला नाही, पण त्यानं हात पुसून घडवंचीवरचा तांब्या पुढं केला. पाठोपाठ रायभान वर आला. रायभान वडार, विहिरी खोदणारा जुना माणूस. त्याचे दोन भाऊबंद खालीच होते.

"अठ्ठावीस हात गेलो मास्तर," रायभान म्हणाला. "वर माती, मग मुरूम, मग नुस्ता काळा पाषाण. लय कठीण. आन त्याच्या बुडाला ह्यो गेरू. मी म्हनतो सुरुंग लावू, गेरू फोडू, खाली पानी हाय का बघू. वैनीबी तेच म्हनत्यात. दादा आडून बसल्यात."

"मी आडलो न्हाई," येडबा म्हणाला. "दत्ता बघंल म्हनलं. त्यानं दगडाचं शिक्षण घेतलंय."

दत्तरावांनी सदरा काढून ठेवला आणि ते दोराला धरून खाली उतरले. कित्येक वर्षांत इतकी मेहनत अंगाला पडली नव्हती. मध्येच खोबणीत पाय रोवून त्यांना श्वास घ्यावा लागला.

खाली गारवा होता. तळाशी पश्चिमेच्या अंगाला पावलापुरतं पाणी साचलेलं. त्यांनी भिंतीला हात लावला. वरचा पाषाण काळा, घट्ट, कुठंही फट नसलेला. त्याच्याखाली एका रेघेत लाल थर सुरू होत होता. रेघेलगतची दोन बोटं जाडीची माती विटेसारखी कडक होती, रंगानंही काळपट तांबडी. नखानं ओरखडा उठत नव्हता. तिथून खाली ती मऊ होत जाई, आणि वीतभर खाली तर हातानं चुरगळत होती. त्या मऊ मातीत केसासारख्या बारीक रेघा होत्या. मुळांच्या असतील, नसतील. दत्तराव गुडघ्यावर बसून बराच वेळ पाहत राहिले. खालच्या दोघा वडारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बिडी पेटवली.

वर आल्यावर सगळे बाभळीखाली भाकरीला बसले. दत्तरावांनी लाल ढेकूळ बरोबर आणलं होतं. त्यांनी ते येडबाच्या हातात दिलं.

"ही माती भाजलेली आहे दादा."

"कुनी भाजली?"

"वरच्या काळ्या दगडानं."

येडबानं ढेकूळ फिरवून पाहिलं. "दगूड कसा भाजंल?"

आणि दत्तराव सांगायला लागले. आधी अडखळत, कारण डोक्यात पुन्हा जुने शब्द येत होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की येडबाला पुस्तकातला शब्द लागतच नाही.

"हा काळा दगड एकेकाळी पातळ होता. भट्टीतल्या लोखंडाच्या रसासारखा. जमीन फाटून वर आला आणि सगळ्या मुलखावर पसरला. थंड झाला, दगड झाला. मग कितीतरी हजार वर्षं काहीच झालं नाही. ऊन, पाऊस. दगडाचा वरचा भाग कुजला, त्याची माती झाली. त्या मातीवर झाडोरा उगवला असेल, गवत उगवलं असेल."

"हितं? आपल्या रानाच्या खाली?"

"इथंच. मग पुन्हा जमीन फाटली, पुन्हा रस आला, आणि त्या मातीवरून वाहत गेला. माती त्याच्याखाली दबली. वरून ती आग. जी माती रसाला लागून होती ती विटेसारखी भाजली, खालची थोडी कमी भाजली. तीच ही."

"वितळली न्हाई?" रायभाननं विचारलं. तो भाकरी खायची थांबवून ऐकत होता.

"नाही. वितळली असती तर तिचाही काळा दगडच झाला असता. वितळली नाही, जागची हलली नाही. होती तिथं राहून बदलली."

येडबानं ढेकूळ मांडीवर ठेवलं. "गवत होतं म्हनतूस. मंग मेंढरं असतीलच की."

"नव्हती दादा. माणूसही नव्हता."

"मंग गवताचं काय झालं?"

"जळालं."

येडबानं ढेकळावरून अंगठा फिरवला. गवत फुकट गेल्याचं त्याला खरोखर वाईट वाटलं असावं.

म्हाळसाबाई ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. "ते समदं खरं, भावजी. पानी कुठंय ते सांगा."

"पाणी या मातीच्या वर आहे, वैनी. काळ्या दगडाच्या सांध्यातून झिरपतंय आणि मातीवर येऊन थांबतंय. भाजलेली असली तरी ती चिकण माती आहे, पाणी खाली सोडत नाही."

"ते पाऊलभर पानी. खाली जास्त असंल."

"असेल. नसेलही. ते मला सांगता येत नाही."

"एवढं शिकून सांगता येत न्हाई?"

ती टोचून बोलली नव्हती. दमलेल्या माणसानं विचारावं तसं तिनं विचारलं. आज दुपारी परत जायचं त्यांनी ठरवलं होतं, पाठाची तयारी करायची होती. येडबा खाली मान घालून बसला होता. शेवटी एवढंच म्हणाला, "तू सांगशील तसं करू, दत्ता."

गेल्या कित्येक वर्षांत दत्तरावांना कुणी असं म्हटलं नव्हतं. शाळेत सांगितलेलं करायचं, घरी केवळाबाई बघत होती. तो भार त्यांना नकोसा वाटला.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," ते म्हणाले.

दुपारभर त्यांनी तळ कोरडा करून घेतला आणि साचलेलं पाणी उपसून टाकायला लावलं. सोमवारी शाळा बुडवून, उजाडताच ते पुन्हा खाली उतरले. तळाशी पुन्हा घोटाभर पाणी आलेलं होतं, सगळं पश्चिमेच्या सांध्यातून, लाल थराच्या माथ्यावरून. लाल थराच्या अंगातून एक थेंब नव्हता.

"रायभान, एका कोपऱ्याला सब्बल घाला. बोटभर रुंद भोक पाडा, गेरूच्या आरपार. जास्त नाही."

रायभाननं तासभर खपून भोक पाडलं. दीड हातावर सब्बल खणकन वाजली आणि वर आली तेव्हा टोकाला राखाडी भुकटी होती. भुकटीत पांढरे चमकते कण होते.

"मांजऱ्या दगूड," रायभान म्हणाला. "भोकाभोकाचा."

दत्तरावांनी तांब्याभर पाणी त्या भोकात ओतलं. पाणी काठापर्यंत आलं, थरथरलं आणि हळूहळू खाली गेलं. त्यांनी दुसरा तांब्या ओतला. तोही गेला. तिसऱ्यानंतर ते उठून उभे राहिले.

येडबा विहिरीच्या काठावरून वाकून बघत होता, शेजारी म्हाळसाबाई. "काय झालं?" त्यानं वरून विचारलं.

"खालचा दगड पाणी पितोय," दत्तराव म्हणाले. "गेरू फोडला तर आहे तेही जाईल. रायभान, ते भोक चिकणमातीनं ठोकून बंद करा."

रायभाननं लगेच माती मळायला घेतली. त्याला आता समजावून सांगावं लागलं नाही.

वर आल्यावर दत्तरावांनी सांगितलं. खाली जायचं नाही. पश्चिमेच्या अंगाला विहीर रुंद करायची, जितका पाषाण फोडता येईल तितका, म्हणजे सांधा जास्त उघडा पडेल आणि झिरपा वाढेल. आणि गेरूला तळापासून दगडाचं बांधकाम करायचं, कारण उघड्यावर आलेली ही माती पावसात फुगेल, ढासळेल, आणि मग वरचा पाषाण लोंबकळत राहील.

"पाणी किती वाढेल ते सांगत नाही. बागायत होणार नाही. मेंढरांना, घराला पुरेल, आणि थोडं काही लावता येईल."

म्हाळसाबाईनं हातातलं टोपलं पालथं घातलं आणि ती त्यावर बसली. बराच वेळ ती समोरच्या काळ्या ढिगाकडे बघत होती.

"म्हंजी आजून येक उन्हाळा," ती म्हणाली.

"हो वैनी."

"रुंद करा म्हनायला काय. दगूड मलाच उचलायचाय."

"मी सुट्टी लागली की येतो. केवळालाही आणतो."

तिनं मान हलवली. पटलं म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही. मग ती उठली आणि शेळी सोडायला गेली. येडबा भावाला मोटारीपर्यंत पोचवायला आला. वाटेत तो एवढंच म्हणाला, "भाजल्याली माती. मला गेरू म्हंजी गेरूच वाटायचा."

बुधवारी साहेब आले. मध्यमवयीन, पांढरी टोपी, हातात कागद. ते मागच्या बाकावर बसले, शेजारी दिनकरराव. दत्तरावांनी पाठाचं टाचण काढलेलं नव्हतं. मंगळवारी शाळेतून घरी येऊन ते झोपले होते आणि केवळाबाईनं त्यांना उठवलं नव्हतं. नखांत अजून गेरू होता.

त्यांनी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मग चारठाण्याच्या विहिरीबद्दल सांगितलं, भावाला सांगितलं तसंच. माती, रस, भट्टी. मुलं ऐकत होती. त्यानंतर त्यांनी पुढच्या बाकावरच्या एका मुलीची पाटी उचलली.

"ही पाटी म्हणजे काय? हा चिखल आहे. समुद्राच्या तळाला बसलेला गाळ. त्यावर आणखी गाळ बसला, किती, तर डोंगराएवढा, आणि हा खाली दबत गेला. खाली गेलं की गरम होतं. विहिरीत गारवा असतो, पण त्याच्याही खाली, मैलोगणती खाली, दगडाला चटका बसतो. वरून भार, आतून ऊब. अशा वेळी चिखलाचे कण फिरतात, एका बाजूला तोंड करून आडवे होतात, आणि त्यांच्यातून अभ्रकाच्या बारीक चकत्या तयार होतात. म्हणून पाटीचा दगड पापुद्र्यापापुद्र्यानं निघतो." त्यांनी पाटी परत दिली. "हीच पाटी अजून खाली गेली, अजून तापली, तर त्या चकत्या मोठ्या होतील, चमकायला लागतील. त्याहून खाली गेली तर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कठीण दगड होईल. मी तो वरंगलला पाहिलाय. म्हणजे एकदा बदलला म्हणून दगड सुटत नाही. भार आणि ऊब वाढली की पुन्हा बदलतो. चुनखडीचा संगमरवर होतो, वाळूच्या दगडाचा गारेसारखा दगड होतो. मात्र वितळायचं नाही, ही अट. आणि याला लाखो, कोट्यवधी वर्षं लागतात. वरचे डोंगर झिजले, की मग तो कधीतरी उघडा पडतो आणि आपल्याला दिसतो."

एका मुलानं विचारलं, "मास्तर, आपल्या खाली हाय का तसला?"

"असणार. हा सगळा काळा दगड ज्याच्यावर पसरला तो जुना दगड खाली आहेच. किती खाली, ते कुणी मोजलेलं नाही."

त्या अर्ध्या तासात दत्तरावांच्या बोलण्यात थराला 'तह', उष्णतेला 'हरारत', पृष्ठभागाला 'सतह' असे शब्द किती वेळा आले याचा त्यांना पत्ता नव्हता. साहेबांनी ते कागदावर लिहून घेतले होते.

तास संपल्यावर खोलीत साहेब म्हणाले, "मुलं ऐकत होती, हे मान्य. पण हे पुस्तकात कुठं आहे? पुस्तक म्हणतं हे खडक आपल्या भागात नाहीत, आणि तुम्ही विहिरीतला गेरू सांगता."

"मी तो पाहून आलो, साहेब."

"असेल. परीक्षेत मुलानं असं लिहिलं तर गुण मिळणार नाहीत. आणि भाषा फार मिसळलेली आहे, दत्तराव." साहेबांनी हे शांतपणे सांगितलं. त्यांनाही त्या दिवशी अजून चार शिक्षकांचे पाठ बघायचे होते, आणि ते सकाळपासून फिरतच होते.

दत्तरावांनी वाद घातला नाही. दिनकररावांनी नंतर त्यांची बाजू मांडून पाहिली, पण ती वाया गेली.

मे महिन्यात दत्तराव आणि केवळाबाई चारठाण्याला गेले. महिनाभर त्यांनी फोडलेला पाषाण वाहिला. पहिल्या आठवड्यात दत्तरावांच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, मग कातडी जाड झाली. दोघी जावा एकाच दोरानं टोपली ओढायच्या. बोलणं फारसं नसे. उन्हात बोलायला ताकद कुणाला होती. एकदा म्हाळसाबाई दिराला म्हणाली, "तुमी बसा जरा, भावजी. तोंड कसं झालंय बघा." आणि तिनं त्यांच्या हातातलं टोपलं काढून घेतलं. गेरूच्या भिंतीला बांधकाम झालं तोवर मृग लागायला आला होता.

जूनमध्ये कागद आला. सोनपेठच्या प्राथमिक शाळेत बदली, दुसरीचा वर्ग.

"लांब पडंल," केवळाबाई म्हणाली.

"नदीकाठ आहे. हवा बरी असते म्हणतात."

तिनं भांडी पोत्यात भरायला घेतली. दत्तरावांनी कॉलेजातल्या उर्दू वह्या दिनकररावांना दाखवल्या आणि शाळेच्या कपाटात ठेवायच्या का ते विचारलं. दिनकरराव म्हणाले, ठेवा. वाचणारं कुणी नाही, पण ठेवा.

सोनपेठला दत्तराव पाढे आणि बाराखडी शिकवू लागले. त्यासाठी दोन भाषांत विचार करावा लागत नव्हता. जबडा दुखायचा थांबला. दगडांबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही, आणि तेही आपणहून बोलले नाहीत. कधी वर्गात बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागे आणि मुलं तेवढा वेळ गोंगाट न करता बसत.

पौषात येडबा कळप घेऊन गोदावरीकाठच्या रानांत आला. काढणी झालेल्या शेतांत मेंढरं बसवायला धनगर तिकडं दरसाल उतरत. एका दुपारी तो शाळेच्या दारात येऊन उभा राहिला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. कुठल्याही शाळेच्या दाराशी तो धाकट्याला पोचवून परत फिरण्यापलीकडं कधी थांबला नव्हता.

"आत ये, दादा."

"वहाना?"

"असू दे."

येडबा भिंतीला टेकून खाली बसला. मुलांनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि पुन्हा पाढे म्हणायला लागली.

"पाणी कसंय?" दत्तरावांनी विचारलं.

"हाय. मेंढरांला पुरायलाय. म्हाळसानं दोन वाफं कांदा लावलाय." त्यानं मुंडासं सारखं केलं. "ऊस न्हाई व्हनार. कळपावरच जन्म जायचा."

"वैनी काय म्हणते?"

"काय म्हननार. मान दुखती तिची." येडबानं घोंगडी मांडीवर ओढून घेतली. "शेजारच्या रानात वैजीनाथानं हीर घेतली. त्यालाबी लाल लागलं. मला बोलवून नेलं त्यानं."

"मग?"

"मी सांगितलं त्याला. म्हनलं, ही भाजल्याली माती हाय, हिला फोडू नको, रुंद कर. आधी भोक पाडून तांब्याभर पानी वतून बघ म्हनलं. त्यानं बघितलं. त्याचं पानी न्हाई गेलं खाली. तसंच उभं राह्यलं."

दत्तराव खुर्चीवरून पुढं वाकले. "मग त्याचा खालचा दगड वेगळा असेल. घट्ट असेल."

"मीबी तेच म्हनलं. समद्या रानाचं येक नसतंय म्हनलं. त्यानं फोडला गेरू."

"लागलं पाणी?"

"मी निघालो तवा खोदायलाच होता."

मुलं सातच्या पाढ्यावर आली होती. दत्तरावांना भावाला अजून विचारायचं होतं, वैजीनाथाचा लाल थर किती हातावर लागला, किती जाड होता, वरचा दगड तोच होता का. ते वळले तर येडबाचे डोळे मिटलेले. पहाटेपासून तो चालत होता. तोंड थोडं उघडं राहिलं होतं, काठी हातातून घसरून जमिनीवर पडली होती.

दत्तरावांनी मुलांना हातानं खूण केली आणि पाढा हळू आवाजात म्हणायला लावला.